आवाज शाबूत ठेवून

"हात काढ," ताई म्हणाली.

भावाने कीबोर्डवरचा हात काढला आणि खुर्ची मागे सरकवली. मागच्या खेपेला त्याने काय करून ठेवलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं.

ताईला दिसत नाही. ती पुस्तकांची भाषांतरं करते आणि तिचा कॉम्प्युटर पडद्यावरची प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवतो. मागे भावाने मोठ्या हौसेने त्यावर नवी सिस्टीम घालायला घेतली. कानाशी बडबड नको म्हणून आधी आवाज बंद केला आणि समोर येईल त्या प्रश्नाला 'हो' म्हणत सुटला. वाचणारा प्रोग्राम काढून टाकतोय, असं मशीनने सरळ लिहिलं होतं. पण शहाण्याने वाचलं असेल तर ना. जुनं सगळं पुन्हा बसवेपर्यंत ताईच्या हातचं पुस्तक दुसऱ्याकडे गेलं.

आता भाषांतरासाठी दिलेला प्रकाशकाचा नवा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर चालेना. या वेळी नवी सिस्टीम घालायची आज्ञा ताईने स्वतःच टाइप केली. मशीन भरधाव वाचू लागलं. भावाला एक शब्द धड कळेना. ताई मात्र मान किंचित कलती करून ऐकत होती.

मध्येच तिने बोट उचललं, मागे जाऊन तीच ओळ पुन्हा ऐकली.

"काढायच्या यादीत माझा वाचणारा आहे."

"मग नको ना," भाऊ घाईने म्हणाला. "आहे ते राहू दे."

"आहे त्यावर काम मिळत नाही. राहू देऊन काय करू?"

तिने 'नाही' दाबलं आणि शांतपणे कारण शोधत बसली. ते सापडल्यावर स्वतःशीच हसली.

"नव्या सिस्टीमवर वाचणाऱ्याला आवाजासाठी एक नवा जोडीदार प्रोग्राम लागतो. तो कुणी मागितलाच नाही, म्हणून या पठ्ठ्या मशीनने वाचणाऱ्यालाच नारळ दिला."

तिने दोघांची नावं सोबत टाइप केली. यादी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. मग 'हो' म्हणाली.

काम संपून मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं. पडदा उजळलेला भावाला दिसत होता, पण आवाज नव्हता. ताई टेबलाची कड धरून बसली होती.

"पासवर्ड टाका," मशीन म्हणालं.

ताई एवढ्या मोठ्याने हसली की आई बाहेरच्या खोलीतून धावत आली. आनंद ताईच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. प्रकाशकाचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात उघडला. तिने तिथल्या तिथे प्रकाशकाला फोन लावून नवं पुस्तक भाषांतराला घेतल्याचं कळवलं.

भाऊ उठून आत गेला आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला.

"ताई, यालाही नवी सिस्टीम घालायची आहे. मी हातच लावलेला नाही."

"घाबरतोस?"

"हो."

तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला, झाकण उघडलं.

"याला आधी बोलता कर," ती म्हणाली. "मग बस इथे शेजारी. मी शिकवते."