पोर लहान बरं

सायवनच्या पाड्यावर साखरेचा आजार म्हणजे शेठ लोकांचा. म्हणून सुनिलला तो झाला तेव्हा पाड्याला थोडा अभिमानच वाटला. हातपाय काटक्या, पोट मात्र सरपंचाचं. घोलवडच्या वाड्यांत चिकू भरता भरता मोठ्या लोकांचं काहीतरी लागलं असणार. त्यापायी पायाचं बोट कापावं लागलं, तेव्हा अभिमान ओसरला.

डहाणूच्या दवाखान्यात पट्टी बदलायला तो गेला तेव्हा सोबत आई रूपी होती आणि सातवा महिना लागलेली बायको कविता.

"जन्मला तेव्हा केवढा होता हा?" डॉक्टर मयुराने विचारलं.

"मांजराच्या पिलाएवढा!" रूपी खुलली. "सातव्यापासून अर्धंच जेवले. पोर लहान, तर बाई सुखानं सुटते. आमच्यात तसंच."

डॉक्टरने जुनी पट्टी सोडली. "आजी, पोटात उपाशी राहिलेल्या बाळाला वाटतं, बाहेर दुष्काळच आहे. जनुकं तीच राहतात, पण काही मिटतात, काही जोरात चालतात. मिळेल ते साठवायचं, ही खोड शरीराला जन्मभर लागू शकते. साखरेची कारणं बरीच असतात, त्यातलं हे एक."

सुनिलच्या शरीराने दुष्काळाची जय्यत तयारी केली होती. आला तो रेशनचा तांदूळ, वेफर्स आणि थंडा.

"म्हंजे मी केलं?" रूपीने विचारलं.

डॉक्टरने पट्टी घट्ट बांधली.

घरी रूपीने सुनेचं ताट शीग लावून भरलं. भात, डाळ, वर सुका बोंबील. कविताने ताट सरकवलं.

"अर्धा काढा, आय."

"खा गं. पोराला साखर होईल, डॉक्टरीण बोलली ना?"

"शुक्रीवहिनी पोटभर जेवली होती."

शुक्री म्हणजे सुनिलच्या थोरल्या भावाची बायको. तिचं बाळ अडलं. दवाखान्याच्या वाटेवर जीप चिखलात रुतली. त्याच जीपने दोघं परत आली, झाकून.

"साखर कधी होणार? तिशीत ना?" कविता म्हणाली. "तोवर जगेल तरी. मीपण."

रूपी मुलाकडे वळली. "बोल की रे! पाय तुझा गेलाय."

"बोटच गेलंय." सुनिल पट्टीकडे बघत राहिला. "काय बोलू? मी जगलो ना."

रूपीने ताटातला अर्धा भात पुन्हा टोपात लोटला. बोंबील राहू दिला. कविताने उरलेलं चाटूनपुसून खाल्लं. भूक तर तिला होतीच.