गप्प म्हणजे होकार

आमच्या गल्लीत सभेला हात वर करायची पद्धत नाही. गप्प बसलं की होकार. त्यामुळे भांडणं होत नाहीत, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! माझ्याकडे कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हे कौतुकानं ऐकवायची.

गल्लीच्या पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हची चावी फिटरकाकांकडे असायची. सकाळी सहाला ते व्हॉल्व्ह उघडत, सातला बंद करत. वीस वर्षांत कुणी घड्याळ पाहिलं नाही. गेल्या महिन्यात माझी आई अंथरुणाला खिळली. दिवसातून चार-चार चादरी धुवायच्या, पाणी पुरेना. मी काकांना गाठलं. मग ते दुपारी व्हॉल्व्ह जरासा सैल करू लागले. तेवढ्यानं पहिल्याच घरात, म्हणजे माझ्याकडे, पाणी यायचं. पण टाकीतलं पाणी मोजकंच. सकाळी गल्लीच्या टोकाला पाणी पोचेना.

रविवारी सभा भरली. टोकाच्या घरातले मास्तर म्हणाले, काकांना दुपारी पाणी सोडताना मी स्वतः पाहिलंय. कुणासाठी ते सांगावं, नाहीतर चावी ठेवावी. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. काका खाली बघत बसले. मी बोलले तर दुपारचं पाणी जाईल आणि आई तशीच ओल्यात पडून राहील, एवढंच माझ्या डोक्यात. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"कुणाचं काही म्हणणं?" मास्तरांनी दोनदा विचारलं. कुणाचंच नव्हतं. काकांनी चावी सतरंजीवर ठेवली आणि उठून गेले.

मला माझीच किळस आली. दुसऱ्या दिवशी धीर करून शेजारच्या मावशींना सगळं सांगून टाकलं. त्या भांडी घासत होत्या.

"अगं, ठाऊक होतं आम्हाला. दुपारी तुझाच नळ वाजायचा. तुझं नाव निघू नये म्हणून तर सगळे गप्प बसलो."

"आणि काका?"

त्यांचा हात थांबला. "ते आपलेच गं. समजून घेतील असं वाटलं."

मी तशीच काकांच्या दारात गेले. म्हटलं, आजच सभा बोलावते, उभी राहून खरं सांगते, पण चावी परत घ्या. त्यांनी मला आत बोलावलं, आईची चौकशी केली.

"सांग जरूर," ते म्हणाले. "पाणी देतील तुला, माणसं वाईट नाहीत. चावी मात्र नको. आता व्हॉल्व्ह फिरवताना मी सारखा मागे वळून बघेन."