वाढणार कोण?

सुट्टीतल्या मोठ्या जेवणाची आखणी वहिनी कागदावर करत नसत, पेल्यांवर करत. त्या घरात प्रत्येकाचा पेला ठरलेला आणि स्वयंपाकघरातल्या आकड्याला टांगलेला. परगावी राहणाऱ्यांचेही पेले इथे लटकत त्यांची वाट बघायचे. जेवण आठवड्यावर आलं की त्यांचे यजमान, दादा, मधल्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून टेबलाला जोडून स्टुलांवर आडवं टाकत, आणि वहिनी त्यावर एकेक पेला मांडून बघत. कोण कुणाशेजारी बसलं तर हसतील, कोण बसलं तर भांडतील, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार.

त्या दिवशीही तेच चाललं होतं. दादांची थोरली बहीण, आक्का, आकड्यावरून पेले काढून, पुसून हातात देत होत्या. आक्कांनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरात त्या इतक्या मुरलेल्या, की त्या खोलीत असल्या तरी खोलीत कुणी आहे असं कुणाला वाटायचं नाही.

"वहिनी, मामांना खिडकीपाशी नको हं," धाकटी जाऊ चादर ताणत म्हणाली. "गेल्या खेपेला रस्त्यावरच्या एकेका गाडीची त्यांनी कुंडली मांडली. आमचं सूप गारढोण!"

"मामा माझ्याजवळ. त्यांना बिनमिठाचं लागतं. आणि भाऊजींना कुठे बसवू?"

"आमच्या ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवा. शाळेपासूनची सवय आहे."

टेबलाखाली स्टूल सारखं करणारे दादा खालूनच हसले. वहिनींनी शेवटचा पेला ठेवला, कमरेवर हात ठेवून मागे सरकून पाहिलं. मुलांना तिखट कमी, मावशींना पाठीला उशी, सगळं मनासारखं जमलं होतं.

"बसलं गं बाई सगळं! एक खुर्चीसुद्धा कमी नाही."

आकड्यांवर आता एकच निळा पेला उरला होता, अर्धा कान उडालेला. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातलं फडकं घडी घालून ठेवलं.

"त्या दिवशी दुपारी मी नाहीये हं," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी जेवायला बोलावलंय. एकट्याच असतात बिचाऱ्या. मी हो म्हटलं."

"अगंबाई!" वहिनींच्या तोंडून निघून गेलं. "मग वाढणार कोण?"

शब्द गेला तो गेला. धाकटीचे हात चादरीवर थांबले. टेबलाखालचं स्टूल सरकायचं थांबलं. आक्का मात्र रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं.

"म्हणून तर आधी सांगितलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बटाटे सकाळी सोलून जाईन." आणि नळ सोडून भांडी विसळायला लागल्या.

वहिनींचे कान तापले. का जाताय, असं आपण विचारलं नाही. तुमच्याशिवाय जेवण कसलं, असंही म्हटलं नाही. जिभेनं जे आत होतं तेच बाहेर आणून सगळ्यांसमोर ठेवलं. त्यांना आठवेना, की तो निळा पेला आपण ह्या टेबलावर कधी मांडला होता. विसरल्या म्हणावं तर तसंही नव्हतं. आक्का उभ्याच असणार, हे त्यांच्या आखणीत पहिल्यापासून गृहीत धरलेलं होतं, चूल धरावी तसं.

दादा टेबलाखालून बाहेर आले. बायकोला म्हणाले, "अगं, निदान 'का' तरी विचारायचंस."

"तुम्ही विचारलंत कधी? बहीण तुमची."

दादांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. ती झटकून झाली तरी ते झटकतच राहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनी जिना चढून गेल्या. मनाशी ठरवलेलं, की नर्सबाईंना समजावू, आक्कांना ह्या खेपेपुरतं मोकळं करून घेऊ. मन मोठं चलाख. लाजेचंही सोंग घेतं आणि त्या सोंगाखाली आपलंच काम साधू बघतं.

नर्सबाई दारातच खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. निवृत्त होऊनही त्यांचा आवाज वॉर्डातलाच.

"या वहिनी! बरं झालं आलात. आक्कांसाठी काय करू, मला सुचेना. मी विचारलं त्यांना, काय आवडतं म्हणून."

वहिनी उंबऱ्यावर थबकल्या. मामांचं मीठ, मावशींची उशी, सगळं त्यांना पाठ. आणि आक्कांना काय आवडतं? भांड्याच्या तळाची खरवड आवडते, असं घरात सगळेच धरून चालायचे. आक्का नेहमी तेवढंच तर खायच्या, शेवटी, उभ्यानं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गरम." नर्सबाई हसल्या. "काहीही करा, म्हणाल्या, फक्त गरम असू दे. आहे की नाही सोपी पाहुणी? तुम्ही काही सांगायला आला होतात?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "सहज आले होते."

खाली उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. देव माणसाला लाज देतो ती त्याची दयाच म्हणायची, पण ती अंगावर घेताना दया वाटत नाही.

जेवणाच्या दिवशी आक्का ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. जाता जाता सवयीनं गॅस बारीक करायला हात पुढे गेला.

"राहू द्या, आक्का," वहिनी म्हणाल्या. "मी बघते. तुम्ही निघा, तिकडे गार होईल."

आक्कांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि जिना चढून गेल्या.

खाली वहिनींनी वाढलं. मामांना, मुलांना, पुन्हा मामांना. धाकटी मदतीला उठली, दादाही उठले आणि आमटीसारखं पातळ सूप त्यांनी बाहीवर सांडून घेतलं. सगळे हसले. वहिनी बसल्या तेव्हा त्यांच्या ताटातलं पार निवलं होतं. त्यांनी ते गरम करून घेतलं नाही. एकेक घास गिळला.

संध्याकाळी पाहुणे पांगले. दादा दार उचलायला आले, तर वहिनी म्हणाल्या, "असू द्या. उद्या लागेल." तेवढ्यात आक्का आल्या आणि येताच भांड्यांच्या ढिगाकडे वळल्या. वहिनी आडव्या आल्या. बोलायचं खूप ठरवलं होतं, निघालं एवढंच.

"आक्का, त्या दिवशी मी जे बोलले…"

"ऐकलं मी. कान पेल्याचा उडालाय, माझा नाही."

धाकटीला हसू फुटलं आणि लगेच तिनं तोंडावर हात घेतला. वहिनींना हसताही येईना.

"उद्या आमच्याकडे जेवायला याल? तुम्ही आणि नर्सबाई. बसून जेवायला. नाही म्हणालात तरी चालेल."

आक्कांनी आकड्यावरून निळा पेला काढून घेतला, लांबलचक टेबलाला सावकाश वळसा घातला. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या. मग पुढे गेल्या आणि पेला खिडकीपाशी ठेवला.

"इथं वारा लागतो," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, मामांच्या गाड्या मलाही बघू देत जरा."

"हो," वहिनी म्हणाल्या. मान वर करवेना त्यांच्याच्यानं.

"पण गरम वाढ हं."