ट्रंकेत कोंडलेली मोटर

"ट्रंकेत फोन टाक म्हटलं ना!" हेडमास्तर ओरडले, तशी भिंगरीनं फोन आणखी घट्ट धरला.

ट्रंकेचं झाकण धरून मीच उभा होतो. शाळेचा शिपाई मी, असली कामं माझ्याच वाट्याला येतात. सकाळीच वरून हुकूम आला होता: फोनमुळं मुलांची मनं बिघडतात, आजपासून शाळेत फोन बंद. बिघडतात हे खोटं नाही. नववीतली एक पोर फोटोखाली कुणी घाण लिहिलं म्हणून आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. पण हुकूम धाडला कशावर? फोनवर! आणि हेडमास्तरांनी वाचून दाखवला तोही फोनवरूनच. त्यांचा फोन ट्रंकेत पडलेला काही मी पाहिला नाही.

"सर, मोटर चालू आहे," भिंगरी म्हणाली. "मधल्या सुट्टीत बंद नाही केली तर रोपं सडतील."

"प्रत्येकाला काहीतरी कारण असतंच!"

कारण नव्हतं ते. शाळेच्या वरच्या अंगाला भिंगरीच्या बापाचं रान, त्यात मिरचीच्या रोपांचे वाफे. वर्षाचं पीक त्या बोटभर रोपांवर उभं. वाफ्यातला पाइप शाळेच्या खिडकीतून दिसायचा, पण मोटर खाली ओढ्याला, दीड कोसावर. ती फोनवर चालायची. एक रिंग दिली की चालू, दुसरी दिली की बंद. बाप फोन कधी गोठ्यात विसरायचा, कधी गवताच्या भाऱ्यात बांधून टाकायचा, म्हणून मोटरीत नंबर नोंदवला तो एकट्या पोरीचा. आणि आता बापाचा पाय प्लास्टरमध्ये. ओढ्यापर्यंत जाणार कोण?

पण ऐकतो कोण! फोन ट्रंकेत, कुलूप ट्रंकेला, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात.

मग वाटला एक फॉर्म. वीस प्रश्न. 'फोनशिवाय बेचैन वाटतं का?' 'घाम येतो का?' शेवटचा प्रश्न होता, 'सर्वात जास्त चिंता कशाची वाटते?' भिंगरीनं लिहिलं, 'मोटर.' हेडमास्तरांनी फॉर्म गोळा केले, मोजले आणि न वाचता फाईलला लावले.

त्या दिवशी मधली सुट्टीही रद्द झाली. तिच्या जागी मनःशांतीचा तास. पोरं जमिनीवर मांडी घालून बसली, हेडमास्तर टेबलावर चढून बसले.

"डोळे मिटा. कल्पना करा, पाणी वाहतंय..."

"अगं आई गं!" भिंगरी किंचाळली.

"बस खाली! पाणी वाहतंय... झुळझुळ... सगळीकडे पाणी..."

"सर, तेच तर म्हणते मी!"

"फोनचं व्यसन, लक्षण गंभीर," हेडमास्तरांनी डोळे मिटूनच निदान केलं. "आता ते पाणी जवळ येतंय. गारवा जाणवतोय?"

"जाणवतोय सर!" मागची रांग एका सुरात ओरडली.

"शाबास! कुठं जाणवतोय?"

"बुडाखाली सर!"

मी दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावरून गढूळ पाणी आत येत होतं आणि पोरांच्या चपला वर्गभर तरंगत होत्या. टेबलावर हेडमास्तर कोरडे ठणठणीत, चेहऱ्यावर परम समाधान.

"सर," मी म्हणालो, "कल्पना गुडघ्यापर्यंत यायच्या आत डोळे उघडा."

तेवढ्यात खिडकीबाहेरून बापाची हाक आली. प्लास्टरवर खताची पिशवी बांधून तो एका पायावर उभा होता, हातात फावडं. "भिंगरे! मोटर बंद कर गं! वाफे वाचवायला बांध फोडलाय, सगळं पाणी तुमच्या शाळेत सोडलंय! दुसरा बांध फुटला तर रोपं गेली!"

हेडमास्तरांनी ट्रंक उघडली. आता फोन पोरीच्या हातात देतील की नाही? नाही! आधी तिच्या फोनमधली कॉलची यादी तपासली.

"हा मोटर कोण? रोज चार-चार फोन, आणि दोन-दोन सेकंदांचे! कोण पोरगा आहे हा?"

"सर, मोटर म्हणजे मोटरच!"

"मला शिकवतेस? बघतोच त्याला." लावला तिच्याच फोनवरून. एक रिंग गेली आणि पलीकडून कट.

खिडकीतली पोरं ओरडली, "पाइप थांबला!"

"झालं सर, बास!" भिंगरी रडत-हसत म्हणाली.

"माझा फोन कापतो? उद्धट कुठला!" पुन्हा लावला. पुन्हा कट.

"पाइप सुटला!"

बापानं बाहेर कपाळावर हात मारला. भिंगरीनं हात जोडले. "सर, अजून एकदाच लावा!"

"तू सांगतेस म्हणून मुळीच लावणार नाही."

झाली का पंचाईत! मी पाण्यातून पचपचत पुढं गेलो आणि हळूच म्हणालो, "राहू द्या सर. पोरगा दांडगा दिसतोय. घाबरणं साहजिक आहे."

"मी? घाबरतो?" त्यांनी बोट असं दाबलं की काच फुटायची.

"थांबलं! थांबलं!" सगळा वर्ग पाण्यात नाचला. भिंगरीनं फोन ओढून घेतला आणि पोटाशी धरून मटकन पाण्यातच बसली.

चार वाफे गेले, बाकीचे वाचले. वर अहवाल गेला: 'मनःशांतीचा तास यशस्वी. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाणी जाणवले.' वरून शाबासकी आली. ते वीस प्रश्न आजही कुणी वाचलेले नाहीत. पोरीला काय होतंय ते कळायला शाळा बुडावी लागली.

एक मात्र झालं. ट्रंक तशीच आहे, पण फळ्याशेजारी मी एक खिळा ठोकला आणि त्यावर भिंगरीचा फोन टांगला. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हेडमास्तर स्वतः उठतात, भिंगरीला हात लावू देत नाहीत, घसा खाकरून रिंग देतात आणि खिडकीतून पाइप थांबलेला बघत उभे राहतात.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एका शब्दात त्यांचं ऐकणारं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलंय.