डाव्या पायातला मोजा

मोजा तपकिरी, लोकरीचा, अंगठ्याशी विरलेला… आणि त्याच्या आत, टाचेवर, ती जखम, जी परवापासून कोणी पाहिलेली नाही. मधुमेहाचा पाय, आणखी उशीर झाला तर कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ड्रेसिंगचा ट्रे होता तिच्या, म्हणजे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीच्या, हातात. आजी मोज्याला हात लावू देत नव्हत्या. त्यांची भाषा वॉर्डात कोणालाच येत नव्हती.

त्यांच्यात परक्याला पाय दाखवत नसावेत—तिने ठरवूनच टाकलं. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, पेशंटच्या चालीरीतींचा मान ठेवा. आधी विचारा, असंही सांगितलं असावं, पण तेव्हा ती वहीत मॅडमचं नाक काढत होती… तर मान ठेवायचा म्हणून काल तिने पडद्याबाहेर बूट काढले आणि कमरेतून वाकली. आजीही उठून बसल्या, वाकल्या. जमलं की! मग दर फेरीला दोघी वाकत राहिल्या, आज सकाळी तर डोकी आपटायचीच राहिली—आणि मोजा जिथल्या तिथे.

दुपारी सून आली. आजी तिच्या कानाशी बराच वेळ बोलल्या.

"सिस्टर, त्या विचारतायत, तुमच्यात मरायला टेकलेल्या माणसापुढे वाकतात का? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्याही वाकल्या."

म्हणजे, तिच्या मनात आलं, कालपासून ही बाई केवळ शिष्टाचार म्हणून स्वतःच्या मरणाला मान देत होती, आणि मी… मी खुशीत होते.

"अहो, नाही. मला वाटलं, तुमच्यात तसं असतं." सुनेने ते सांगितल्यावर आजींनी कपाळाला हात लावला. मग मुलीने विचारलं, "मोजा का नको काढायला?" किती साधा प्रश्न, ट्रेमध्ये कापसाखालीच पडून राहिला असावा.

आजी भिंतीकडे बघून पुटपुटल्या. नखं वाढलीत, असं सून म्हणाली. कंबर वाकत नाही, कापता येत नाहीत. लाज वाटते.

कंबर वाकत नाही… आणि तरी कालपासून त्या वाकत होत्या.

ट्रे बाजूला ठेवून ती खाली बसली आणि तिने स्वतःचा मोजा काढला. रंग उडालेली, वेडीवाकडी नखं. आजींनी चष्मा लावून ती नीट पाहिली, काहीतरी म्हणाल्या. सून हसली. "हे नाही सांगत मी."

चादर जराशी हलली. पंख्याने असेल, पायाने असेल. आजींच्या मनात काय आहे ते तिला कळत नव्हतं, आणि नवल म्हणजे, काही ठरवून टाकावंसंही वाटेना. एक पाय उघडा ठेवून ती तशीच बसून राहिली.