मावशीचे सात सेकंद

संध्याकाळी सातला सभागृहात पाय ठेवायला जागा नसे. दोनशे माणसं मनगटावरची घड्याळं भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून बसत, कारण काळमहाराज रोज काळाला वेसण घालत. तासाभराने बघावं तर मनगटावर आठ वाजलेले आणि भिंतीवर आठाला दहा सेकंद कमी!

"हे दहा सेकंद तुमच्या आयुष्यात वाढले," महाराज डोळे मिटून सांगत. "मृत्यूला म्हटलं, थांब जरा बाहेर."

दहा सेकंदांत मला धड दोन शिंका देता येत नाहीत. पण लोक गहिवरत. आमची मावशी तर इतकी गहिवरली, की तिने हृदयाचं ऑपरेशनच पुढे ढकललं. डॉक्टरांनी महिन्याच्या आत करा म्हणून बजावलं होतं. ती म्हणाली, "घाई कसली? महाराज वेळ वाढवून देताहेत ना!" मला मात्र मनातून भीती वाटत होती.

माझी वहिनी विजेच्या नियंत्रण कक्षात कामाला. एकदा मावशीला सोडायला आली, भिंतीवरच्या घड्याळाची वायर प्लगात गेलेली तिने पाहिली आणि ओठ दाबून हसली. मग हात जोडून म्हणाली, "महाराज, उद्या सुट्टी आहे. सकाळी दहाला बसाल का?"

"आम्हाला कसली काळवेळ!" महाराज फुलून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मावशीच्या हातात चिठ्ठी कोंबली. "अकराला उघड."

अकराला भिंतीवरचं घड्याळ सात सेकंद पुढे! चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आज घड्याळ पुढे जाईल.'

"कुणाच्या तरी मनात शंका आहे!" महाराज गरजले.

"शंका नाही, वीज आहे," वहिनी म्हणाली. "हातातली घड्याळं सेलवर चालतात, हे विजेच्या ठोक्यांवर. सेकंदाला पन्नास ठोके. संध्याकाळी घरोघरी दिवे, शेगड्या एकदम लागतात. वीजकेंद्रांवर भार पडतो, तिथली यंत्रं किंचित मंदावतात आणि हे घड्याळही. आम्ही केंद्रांना वीज वाढवायला लावतो, तेव्हा सावरतं. आज कारखाने बंद, मागणी कमी. म्हणून मागे पडलेली वेळ भरून काढायला यंत्रं मुद्दाम जरा जोरात चालवली. महाराज घरी झोपले असते तरी हेच झालं असतं."

मावशी उठली. "म्हणजे महाराज, तुमच्याच हिशेबाने आज माझे सात सेकंद तुम्ही खाल्लेत?"

सभागृह खदखदून हसलं. महाराजांना अचानक काळवेळेचं भान आलं. ते मागच्या दाराने निघाले.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याची वायर कुठे जाते ते बघा.

मावशीने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, उद्याच दाखल होऊ का? माझ्याकडे वेळ कमी आहे."