एल्वामावशीची सही

एका सहीसाठी मी तीन महिन्यांत चार वेळा ॲडलेडहून तळ्याकाठच्या आमच्या वस्तीपर्यंत गाडी हाणली. जायला दोन तास, यायला दोन तास. आणि सही कोणाची, तर माझ्या सख्ख्या मावशीची. जिनं मला लव्हाळं विणायला शिकवलं आणि टाका चुकला की हातावर चापट मारली, तिची.

शहरातल्या एका मोठ्या गॅलरीत माझं काम लागणार होतं. पहिल्यांदाच. पन्नाशी आली तेव्हा कुठे दार उघडलं. प्रदर्शन लावणारी हॅरिएट पहिल्याच भेटीत म्हणाली, "छान आहे कोरली, पण यात ठिपके नाहीत?"

मी म्हटलं, "ठिपक्यांची चित्रं वाळवंटातल्या आदिवासींची. आम्ही तळ्याकाठचे. दुसऱ्याचं चोरून लावू का?"

ती कानापर्यंत लाल झाली. बाई वाईट नव्हती, पण तिला एकेक समजावून सांगताना माझी जीभ झिजली.

माझ्या आजीला सरकारनं एक दाखला दिला होता. ही बाई यापुढे आदिवासी समजली जाणार नाही, असा. खाली आजीची सही. आमची माणसं त्याला कुत्र्याचा बिल्ला म्हणायची. पण तो असला की पोरं गावातल्या शाळेत घालता यायची, गावात घर मिळायचं. म्हणून आजीनं घेतला. तो दाखला मी विणला. लव्हाळ्याची वेटोळी मधून बाहेर घेत घेत भिंतभर चटई केली आणि काळ्या रंगवलेल्या लव्हाळ्यानं त्यात दाखल्याची वाक्यं घातली. आठ महिने लागले.

आता गॅलरीचा नियम असा, की घराण्याची गोष्ट असेल तर घरातल्या थोरल्या माणसाची लेखी संमती पाहिजे. नियम चांगलाच आहे, आमच्याच लोकांनी भांडून करून घेतलाय. पूर्वी कोणीही यायचं आणि आमच्या आज्यांचे फोटो भिंतीवर टांगून मोकळं व्हायचं. थोरली म्हणजे एल्वामावशी, आणि तिथंच माझं घोडं अडलं.

पहिल्या खेपेला मी सांगितलं, "मावशी, इथं सही कर." मावशीनं बोय मासळी तळून वाढली, कागद मिठाच्या बरणीखाली सरकवला आणि "बघू" म्हणाली. दुसऱ्या खेपेला तिला चष्मा सापडेना. चष्मा डोक्यावर होता. तिसऱ्या खेपेला बघते तर कागदाच्या पाठीवर तिनं नळ दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर लिहिलेला. मी नाकदुऱ्या काढल्या, आदळआपट केली. पालथ्या घड्यावर पाणी. माय मरो, मावशी उरो म्हणतात. माझी माय गेली, मावशी उरली, ती माझा जीव घ्यायला उरली असं वाटायला लागलं.

शेवटी हॅरिएटचा फोन आला. शुक्रवारपर्यंत कागद आला नाही तर ती भिंत दुसऱ्याला द्यावी लागेल. "मीच येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "समोरासमोर बोलू."

चौथ्या खेपेला मावशी आमची वाट बघत रस्त्यावरच उभी होती. तळ्याकाठची आमची वस्ती म्हणजे पूर्वी पाद्र्यांनी आमच्यासाठी चालवलेलं मिशन. कुंपण कधीच गेलं, फाटकाचे दोन खांब तेवढे राहिलेत. मावशीनं खांबापाशी हात करून गाडी थांबवली.

"कोरली, तू आत चल. ही बाई इथं थांबेल."

"का म्हणून?"

"थांबेल म्हटलं ना."

हॅरिएट बिचारी "थांबते मी" म्हणत उतरली. मी धुसफुसत मावशीच्या मागून गेले. आत मावशीनं चहा टाकला, निखाऱ्यावरचा पाव कापला, त्यावर काकवी घातली. सगळं अगदी सावकाश. खिडकीतून हॅरिएट दिसत होती. तळ्यावरून बोचरा वारा सुटला होता आणि ती कोटाची कॉलर धरून उभी होती. अर्धा तास झाला आणि माझा ताबा सुटला.

"मावशी, माणुसकी आहे का काही? दोन तास गाडीत बसून आलीय ती."

"मग पाय मोकळे झाले असतील."

"मला एकदाच सांग, सही करायची नाही ना? नाही म्हण आणि सोडव मला. का छळतेस?"

मावशीनं सुरी खाली ठेवली.

"माझी आजी गेली तेव्हा आई, म्हणजे तुझी आजी, त्याच खांबाशी उभी होती," ती म्हणाली. "दाखलेवाल्यांना आत यायला मिशनच्या साहेबाची परवानगी लागायची. साहेब म्हणाला, अर्ज कर. अर्जाचं उत्तर येईपर्यंत मढं थांबतं का? मी सात वर्षांची. तुझी आई तिच्या कडेवर. आत सगळे गात होते, आईनं बाहेरून त्यांच्याबरोबर गायलं. स्वतःच्या आईला मूठभर माती घालता आली नाही तिला. का, तर कागदावर सही केली होती."

मला तो कायदा तोंडपाठ होता. परवानगीशिवाय वस्तीत यायचं नाही, हे वाक्य मी सहा दिवस बसून विणलं होतं. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कधी? येतेस, कागद काढतेस, इथं सही कर म्हणतेस. तो साहेबही अस्संच म्हणायचा."

मला राग आला, आणि लाजही वाटली. रागच आधी आला, खोटं कशाला बोलू.

मग मावशीनं दारातून हॅरिएटला हाक मारली, शेगडीजवळ बसवलं, चहा दिला. हॅरिएटचे ओठ निळे पडले होते. मावशी तिला म्हणाली, "सही मी करणार नाही. आमच्या घरात सही एकदा झाली, तेवढी पुरे."

हॅरिएटनं माझ्याकडे बघितलं. माझी भिंत माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

"मग मी गॅलरीला काय सांगू?" तिनं विचारलं.

"ते नंतर. आधी कोरलीला मला काहीतरी विचारायचंय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. भरल्या सभेत सरकारला जाब विचारणारी मी, पण मावशीला कधी काही विचारलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून मावशीच्या पायाशी, विणायला बसतो तिथं, जमिनीवर बसले.

"मावशी, आजीचा दाखला भिंतीवर लावू का? लोकांना दाखवू?"

मावशीनं शेगडीतले निखारे सारखे केले.

"माझ्या आईला असं कोणी विचारलं नाही गं," ती म्हणाली. "सरळ कागद पुढे केला. लाव तू."

हॅरिएटनं कागद घेतला, सहीच्या जागी 'तोंडी होकार, माझ्यासमोर' असं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं आणि म्हणाली, गॅलरीशी काय भांडायचं ते मी भांडेन. मला त्यातलं धड काही ऐकू आलं नाही. मी मावशीच्या मांडीत डोकं खुपसून रडत होते, आणि मावशी म्हणत होती, "पुरे आता. तिचा पाव गार होतोय, ऊठ आणि वाढ तिला."